इशारा निघाला, पण पोचला का?

माझं काम निरोप पोचवण्याचं आहे. बँका, विमा कंपन्या, दवाखाने यांचे एसएमएस आणि ईमेल ज्या सॉफ्टवेअरमधून जातात, त्याचा एक छोटा भाग इंदूरच्या आमच्या ऑफिसात लिहिला जातो. ‘पाठवला’ आणि ‘पोचला’ या दोन शब्दांत किती अंतर असतं, ते मला रोज बघायला मिळतं. ग्राहक विचारतो, “दहा हजार निरोप गेले ना?” गेले. “मिळाले?” बहुतेक मिळाले. “वाचले?” इथे मीटिंगमधला आमचा आवाज जरा खाली येतो.

हाच प्रश्न औषधांबद्दल विचारावा असं डोक्यात आलं ते मामांमुळे. मामांचं मेडिकल आहे. माल दवा बाजारातून येतो, आणि कॉलनीतल्या कुणाला कुठली गोळी चालू आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. २०२३ च्या डिसेंबरात एका कॉलेजातल्या मुलीने काउंटरवर मोबाईल पुढे करून विचारलं, “अंकल, ये वाली गोली बंद हो गई क्या?” गोळी होती मेफेनॅमिक अॅसिडची, पाळीच्या दिवसांत पोटदुखीवर घरोघरी घेतली जाणारी. मामांच्या कानावर तोवर काही आलं नव्हतं. संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली तेव्हा त्यांना उलगडा झाला.

झालं असं होतं, की गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी या औषधाबद्दल सुरक्षिततेची सूचना काढली होती. क्वचित एखाद्याला या औषधाने ‘ड्रेस सिंड्रोम’ नावाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे, यकृतासारख्या आतल्या अवयवांना इजा, अशी तिची लक्षणं. ती बहुधा औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे पुरळाचा आणि गोळीचा संबंध पटकन लक्षात येत नाही. डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं, असं काही आढळलं तर कळवावं, एवढंच सूचनेत होतं. बंदी वगैरे काही नव्हती. कमिशनने आपलं काम केलं, वर्तमानपत्रांनीही छापलं. पण वाटेत गंमत झाली. जी सूचना आधी डॉक्टर आणि केमिस्ट यांना कळायला हवी, ती गिऱ्हाइकाच्या हातून दुकानात आली, आणि तीही ‘गोळी बंद झाली’ अशी मोडतोड होऊन.

तेव्हापासून मला चाळाच लागला. आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं, की एखाद्या औषधाचा नवा धोका तुम्हाला कळतो कुठून? कुणी म्हणालं कंपनीच्या एमआरकडून, कुणी म्हणालं व्हॉट्सअॅपवरच्या डॉक्टरांच्या ग्रुपमधून, कुणी परिषदेत. एक काका पस्तीस वर्षं प्रॅक्टिस करून आता निवृत्त झालेत. ते हसून म्हणाले, “अरे, नवीन औषध आल्याचं सांगायला चार जण यायचे. जुन्यात खोट निघाली ते सांगायला कोण येणार?”

ही फक्त आपल्याकडची रड नाही. १९६१ साली थॅलिडोमाइडमुळे हजारो मुलं अपंग जन्माला आल्याचं उघड झालं, तेव्हा जगाला जाग आली. ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांकडून दुष्परिणामांच्या नोंदी मागवणारं ‘यलो कार्ड’ सुरू केलं. आपल्याकडचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी त्याचं मुख्य केंद्र दिल्लीच्या एम्समधून गाझियाबादला गेलं. या सगळ्या व्यवस्थांमध्ये खालून वर जाणारी वाट नीट आखलेली असते. किती नोंदी आल्या, कुठल्या राज्यातून आल्या, याचे तक्ते निघतात. वरून खाली येणाऱ्या वाटेचं मोजमाप मात्र कितीतरी उशिरा सुरू झालं. ते सुरू झालं तेव्हा हाती आलेले आकडे धक्का देणारे होते.

सिसाप्राइड हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण. रात्री छातीत जळजळ होते त्यावरचं हे औषध. ठरावीक दुसऱ्या औषधांबरोबर किंवा हृदयाचे काही विकार असताना घेतलं, तर हृदयाचे ठोके जिवावर बेतण्याइतके बिघडू शकतात, असं लक्षात आलं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेबलवरचा इशारा कडक केला, आणि देशभरातल्या डॉक्टरांना पत्रं गेली. आता हे पत्र पोचलं का, हे कसं ठरवायचं? संशोधकांनी एकाही डॉक्टरला फोन केला नाही. त्यांनी तीन ठिकाणच्या रुग्णांच्या आणि प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी काढल्या आणि एकच गोष्ट पाहिली. ज्यांना हे औषध द्यायला नको होतं, अशांचं प्रमाण पत्राआधीच्या वर्षात किती आणि नंतरच्या वर्षात किती? आधी ते तीन ठिकाणी २६, ३० आणि ६० टक्के होतं. नंतर २४, २८ आणि ५८ टक्के झालं. बस्स. एवढ्या खटाटोपातून दोन टक्के फरक पडला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते औषध अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. भारतात त्यावर बंदी आली ती २०११ मध्ये.

या अभ्यासाकडे मी धंद्याच्या नजरेने बघतो तेव्हा त्याची रचना मला फार आवडते. आमच्या कामात ‘किती जणांनी ईमेल उघडला’ हा आकडा लोक मोठ्या कौतुकाने दाखवतात. तो काढायची युक्ती म्हणजे ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक चित्र ठेवायचं. ते चित्र मागवलं गेलं की ईमेल उघडला असं धरायचं. २०२१ मध्ये अॅपलने असं चित्र स्वतःच आधी मागवून ठेवण्याची सोय दिली, आणि त्या दिवसापासून न वाचलेले ईमेलही वाचलेले दिसू लागले. मोठ्या इस्पितळांत तर येणारी प्रत्येक लिंक सुरक्षा-प्रणालीच तपासून बघते. म्हणजे क्लिक झाली, पण माणसाने केलीच नाही. तेव्हा ‘आमचं सुरक्षापत्र अमुक इतक्या डॉक्टरांनी उघडलं’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर मी तरी मान डोलावणार नाही.

डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून विचारलं तर? युरोपात अशा पाहण्या झाल्या आहेत, त्यांचा उपयोगही आहे; निरोप कुठल्या वाटेने आलेला डॉक्टरांना आवडतो, कुणाच्या सहीवर त्यांचा विश्वास बसतो, हे त्यातूनच कळतं. पण प्रश्नावली भरून पाठवणारा डॉक्टर हा मुळात पत्रं वाचणारा डॉक्टर असतो. ज्याच्या टेबलावर न उघडलेल्या पाकिटांचा ढीग आहे, तो प्रश्नावलीही त्याच ढिगावर ठेवणार. शिवाय ‘अमुक धोका तुम्हाला माहीत आहे का?’ असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणायला कुणाला आवडतं? माझ्या हातात असतं तर मी यादीत एक खोटा, कधीच न निघालेला इशाराही घातला असता. किती जण त्यालाही ‘हो, माहीत आहे’ म्हणतात ते बघायचं आणि तेवढी सूट बाकीच्या उत्तरांतून वजा करायची.

व्हॅलप्रोएटची कथा याहून जास्त बोचते. अपस्माराच्या म्हणजे फिट्सच्या आजारावरचं हे चांगलं, जुनं औषध. पण गरोदरपणात घेतलं तर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मजात व्यंग असू शकतं, आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांची वाढ, शिकणं, बोलणं मागे पडू शकतं. युरोपच्या औषध यंत्रणेने २०१४ मध्ये हे इशारे कडक केले, डॉक्टरांसाठी माहितीपत्रकं काढली. तीन वर्षांनी, २६ सप्टेंबर २०१७ रोजी, त्याच यंत्रणेने लंडनमध्ये आपल्या इतिहासातली पहिली जाहीर सुनावणी घेतली ती याच औषधावर. तिथे आया उभ्या राहून सांगत होत्या, की आम्हाला कुणी काही बोललंच नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या अपस्मार संघटनांनी सुमारे दोन हजार स्त्रियांची पाहणी केली. हे औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ पाचातल्या एकीला गरोदरपणातल्या धोक्याची कल्पना नव्हती. २०१८ मध्ये यंत्रणेने मान्य केलं, की आधीचे उपाय पुरेसे पडले नाहीत. मग खोक्यावरच चित्राचा इशारा आला, औषधाबरोबर रुग्णाच्या हातात द्यायचं कार्ड आलं, आणि मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांसाठी गर्भधारणा टाळण्याचा पक्का कार्यक्रम असल्याशिवाय औषध देऊ नये, असा नियम झाला.

हे सगळं वाचत असताना माझ्या डोळ्यांपुढे माझी मावसबहीण होती. ती सतरा वर्षांची असल्यापासून हीच गोळी घेत होती. गोळीने फिट्स थांबल्या, बी.कॉम. झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं. दर वेळी तोच कागद, खाली ‘कंटिन्यू’ लिहिलेलं. मुलगी सतराची होती ती सव्वीसची झाली, आता प्रश्न बदलला आहे, हे तिच्या कागदावर कुठेच उमटलं नाही. साखरपुड्यानंतर मावशीला मी हे दाखवलं. त्या दोघी नव्या डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी हळूहळू औषध बदलून दिलं. आज तिची मुलगी दीड वर्षाची आहे आणि आमच्या घरातल्या सगळ्या चार्जरच्या वायरी तिने चघळल्या आहेत. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण हा लेख घरातले सगळे वाचतील: फिट्सची गोळी मनाने कधीही थांबवायची नाही. एकदम थांबवली तर त्या क्षणी जीव धोक्यात येतो. आधी डॉक्टर, मगच बदल.

आणि इशारा जोरात पोचला म्हणजे काम फत्ते झालं, असंही समजू नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या समितीने काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लिहिलं, की रक्ताच्या गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट आहे. डॉक्टरांची पाकिटं टपालात होती, आणि टीव्हीवर ‘दुप्पट’ हा शब्द वाजत होता. मुळात सात हजार स्त्रियांत एकीला होणारा त्रास दोघींना होत होता, हे बातमीत हरवलं. कितीतरी जणींनी पाकीट अर्धवट टाकून दिलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. पोचलेल्या निरोपांचा आकडा इथे कुणी मोजला असता तर तो झकास आला असता! म्हणून मोजायचं ते निरोपाने शेवटी काय घडवलं हे. चुकीच्या माणसाला औषध जाणं कमी झालं का, आणि योग्य माणसाचं औषध भीतीने सुटलं तर नाही ना, हे दोन्ही मोजायला हवं.

संगणकाच्या पडद्यावर लाल खिडकी उघडून इशारा द्यावा, हा आमच्या जमातीचा लाडका उपाय. त्याचीही मोजदाद झाली आहे. २००६ मधल्या एका आढाव्यात दिसलं, की असे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारून पुढे जातात. दिवसभरात शंभर वेळा ‘लांडगा आला’ ओरडलं तर दुसरं काय होणार?

इंग्लंडमध्ये एक गोष्ट मात्र हेवा वाटावा अशी आहे. तिथल्या प्रत्येक जीपी दवाखान्याने कुठलं औषध किती लिहिलं, ही माहिती रुग्णांची नावं काढून दर महिन्याला खुली होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ पासून तिचे आलेख सगळ्यांना बघता येतील असे मांडले आहेत. इशाऱ्याच्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारायची आणि त्यानंतर रेषा वळते का ते बघायचं. कुठे चटकन वळते, कुठे दोन वर्षांनी, कुठे वळतच नाही. ज्या दवाखान्यात वळली नाही तिथे पुन्हा पत्र पाठवण्याऐवजी माणूस पाठवता येतो.

आपल्याकडे बहुतेक प्रिस्क्रिप्शन अजून कागदावर आहेत आणि अशी खुली नोंद नाही. पण मोजणारं कुणीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. कुठली गोळी कुठल्या भागात किती खपली याचे महिन्याचे आकडे स्टॉकिस्टकडून गोळा होतात, कंपन्या ते विकत घेतात आणि त्यावर एमआरचं टार्गेट ठरतं. खपाची रेषा वळते का हे बघायला डोळे आहेत, तर त्याच रेषेवर इशाऱ्याचा परिणाम बघायला अडचण तंत्राची नाही. ते काम कुणी कुणाकडे सोपवलेलं नाही, एवढंच.

भारतात एकदा असं मोजमाप फार सुरेख झालं आहे, फक्त ते माणसांसाठी नव्हतं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मरतात हे कळल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. बंदी पोचली का, हे संशोधकांनी मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासून पाहिलं. औषध सापडण्याचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे सुधारणा झाली, पण गिधाडांना पुरेल एवढी नाही. मग काहींनी गिऱ्हाईक बनून औषधांच्या दुकानांत जाऊन गुरासाठी औषध मागितलं. अडीचशेहून जास्त दुकानांपैकी ३६ टक्के ठिकाणी डायक्लोफेनॅक होतं, आणि पुष्कळदा ते माणसांसाठीचं होतं, गुराला पुरेल अशा मोठ्या कुपीत. २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीलिटरच्या कुपीतच भरायचं बंधन घातलं. नुसतं सांगून जे होईना, ते साधायला कुपीच बदलावी लागली; आणि मुळात बंदी झिरपते कुठून हे मोजल्यामुळेच कुपीकडे लक्ष गेलं.

आता आपल्या राज्यातलं, आणि लिहायला जड जाणारं. २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, २० हून अधिक लहान मुलं सर्दी-खोकल्याच्या सिरपने गेली. मूत्रपिंड निकामी झालेली पोरं घेऊन आईबाप नागपूरला धावले, आणि त्यांतली कितीतरी नागपुरातच गेली. सौंसर, पांढुर्णा भागात आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत; त्या दिवसांत तिकडच्या नातेवाइकांचे फोन इंदूरच्या घरांत वाजत होते. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे विष आहे आणि तो गुन्हा कारखान्यातला. डॉक्टरला ते बाटलीकडे बघून कळणं शक्य नव्हतं.

पण त्या विषाआड एक दुसरी गोष्ट आहे. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरच्या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि लेबलवर तसं छापावं, असं औषध महानियंत्रकांनी १८ डिसेंबर २०२३ च्या पत्राने राज्यांना कळवलं होतं. कोल्ड्रिफमध्ये ही दोन्ही औषधं होती. गेलेल्यांत चार वर्षांखालची मुलं होती. म्हणजे तो इशारा पावणेदोन वर्षांत दिल्लीहून परासियाच्या दवाखान्यांपर्यंत आणि दुकानांपर्यंत पोचून पाळला गेला असता, तर बाटलीत विष असतं तरी त्यातल्या काही मुलांच्या ओठाला ते लागलं नसतं. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने पुन्हा सूचना काढली: दोन वर्षांखाली खोकल्याची, सर्दीची औषधं नकोत, पाच वर्षांखाली शक्यतो नकोत. पुन्हा पत्र, पुन्हा राज्यांना.

वाचकहो, घरच्यासाठी एवढं लिहून ठेवा. कुठल्याही औषधाने काही विपरीत झालं असं वाटलं, तर १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवता येतं. रुग्णाने स्वतः भरायचा अर्जही आहे, तो मराठीसह अनेक भाषांत मिळतो. डॉक्टरच कळवतील असं धरून बसायचं कारण नाही.

राहिला तो छिंदवाड्याचा हिशेब. जानेवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या वीस महिन्यांत चार वर्षांखालच्या किती मुलांसाठी हे मिश्रण विकलं गेलं? १८ डिसेंबरच्या पत्रानंतर तो आकडा खाली आला, की सरळ रेषेत चालत राहिला? मेडिकलची संगणकावरची बिलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांवर रुग्णाचं नाव असतं, डॉक्टरचं नाव असतं, औषध, बॅच नंबर, मुदतीची तारीख, जीएसटी, सगळं असतं. वयाचा रकाना तेवढा नसतो.